आर्वीची पोच

"मशीन राहील, नाई तर पोर राहील," असं आमच्या सासूबाईंनी दिवेलागणीला जाहीर केलं, तेव्हा माझ्या एका हातात वरण-भाताची वाटी होती आणि दुसऱ्या हातात माऊस. मैत्रेयी, वय वर्षं दोन, तोंडात घास धरून बसली होती. गिळत नव्हती, थुंकत नव्हती. ती कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघून हात हलवत होती. टाटा करतात तसा नव्हे. ये, ये, म्हणून बोलावतात तसा.

"कोणाले बोलावून राह्यली वो हे?" सासूबाईंनी विचारलं.

"आबा," मैत्रेयी म्हणाली.

आमच्या घरात आबा कोणी नाही. पडद्यावर त्या वेळी फक्त लाल ओळी सरकत होत्या. एकीखाली एक, सगळ्या सारख्या.

"रविवारी मी पोरीले घेऊन नागपूरले जातो, रीताकडे," सासूबाई म्हणाल्या. रीता म्हणजे माझी नणंद. "तो डबा घरातून जाईन, तेव्हा पोरगी परत येईन."

डबा म्हणजे माझा सर्व्हर. नागपूरला एम.सी.ए. केलं, तिथल्याच एका कंपनीत नोकरी केली, बाळंतपणासाठी वर्ध्याला आले आणि नोकरी नागपूरलाच राहिली. मग मी घरबसल्या एक सेवा उभी केली. आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, सेलू इथल्या अडत्यांच्या दुकानांत आणि जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आले होते आणि त्यांच्यावर बहुतेक ठिकाणी पत्ते खेळले जात. मी प्रत्येकाला एक प्रोग्राम बसवून दिला. संध्याकाळी बाजार उठला की प्रत्येक केंद्राने आपला कापसाचा भाव माझ्या सर्व्हरला कळवायचा आणि सर्व्हरने सगळ्यांचे भाव सगळ्यांना. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं. फरक इतकाच की माझी खिडकी उत्तर देते.

आलेल्या प्रत्येक संदेशाला सर्व्हरने पोच द्यायची आणि पोच मिळेपर्यंत केंद्राने तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवायचा, हा नियम मीच घातला. प्रोग्राम लिहिला तेव्हा मैत्रेयी सहा महिन्यांची होती. औषध पोटात गेल्याचं दिसेपर्यंत चमचा पुढे करत राहायचं, एवढं एकच तत्त्वज्ञान माझ्यापाशी त्या दिवसांत शिल्लक होतं. तेच मी मशीनला शिकवलं.

शिवाय व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून एक सूचनांची चौकट ठेवली होती. एकाने लिहिलं की सर्वांना दिसायचं. तिचा उपयोग बाजाराच्या कामासाठी व्हावा अशी माझी अपेक्षा होती. पहिली सूचना "ताराचंद यांची छत्री पुलगावात कोणाकडे राहिली" अशी आली. त्यानंतर मी अपेक्षा ठेवली नाही.

त्या वर्षी दसऱ्यानंतर हंगाम सुरू झाला आणि ऐन दिवेलागणीला भाव अडकायला लागले. आर्वीच्या ताराचंदशेठचा रोज फोन.

"मॅडम, हिंगणघाटचा भाव काऊन नाई आला? गाड्या उभ्या हायेत. आम्ही का एकमेकाचे तोंडं पाहाचे?"

तासाभराने सगळं सुरळीत व्हायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. माझे यजमान पियुष हिंगणघाटच्या एका मिलमध्ये हिशेबाच्या खात्यात आहेत. रोज एसटीने जाऊन-येऊन त्यांना जगातल्या सर्व अडचणींवर एकच उपाय ठाऊक झाला आहे, तो म्हणजे झोप. त्यांनी जांभई देत सांगितलं, "बंद करून चालू कर." मी केलं. काही झालं नाही. मग मी एका आईने करावं तेच केलं. येणारा-जाणारा प्रत्येक संदेश डोळ्यांसमोर आणला. स्वीकारलेला पांढरा, नाकारलेला लाल. आजवर नाकारलेले संदेश सर्व्हर गुपचूप टाकून देत होता. कोणाचं काय टाकून दिलं ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दिवेलागणीला पडदा लाल झाला. एकच केंद्र, एकच संदेश, लागोपाठ, श्वास न घेता. आमचे व्यापारी मराठी इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्यामुळे अडखळत वाचावं लागतं. मी एकेक शब्द लावला.

"घड्याळ मागं जाऊन राह्यलं. कोणी येते का? मी दुकानातच बसून आहे."

आणि त्यावर तारीख पहिली जानेवारीची. पाच वर्षांपूर्वीच्या पहिल्या जानेवारीची.

केंद्र आर्वीच्या प्रभाकररावांचं होतं. मी ताराचंदशेठना फोन लावला. त्यांचं दुकान बरोबर समोर.

"शेठ, प्रभाकरराव दुकानात आहेत का?"

"प्रभाकरराव? मॅडम, ते तर मागच्या वर्षी पोळ्याले गेले."

"कुठे गेले?"

मग शेठ हळू आवाजात म्हणाले, "वर गेले, मॅडम."

"मग दुकानात कोण बसतं?"

"कोणीच नाई. कुलूप हाय. मी समोरच बसतो ना, रोज पाहातो. काऊन विचारून राह्यल्या?"

मी "सहज" म्हटलं. फोन ठेवल्यावर मागे वळून पाहिलं तर मैत्रेयी पडद्याला "ये, ये" करत होती. इथून पुढे आमच्या घरातली गोष्ट आमच्या घरात राहिली नाही, कारण ती सासूबाईंनी मंदाबाईंना सांगितली.

मंदाबाई आणि भैय्याजी हे आमचे शेजारी. भैय्याजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, पदर डोक्यावरून घेतला आणि पहिला प्रश्न केला, "तुमच्या डब्यानं त्यायले ओ तर नाई दिली?"

"नाही. नाकारतोय तो."

"बरं केलं बाप्पा! तिन्हीसांजेले हाक आली तर तीनदा आल्याबिगर ओ देऊ नाई. माणूस असन तर तीनदा हाक मारते. दुसरं कोणी असन तर दोनदाच मारते."

"मावशी, हा तर शंभरदा मारतोय."

यावर मंदाबाईंच्या शास्त्रात तरतूद नव्हती. त्यांनी मीठ-मोहऱ्या मागवल्या आणि मैत्रेयीवरून उतरवून टाकल्या. मग थोड्या उरल्या होत्या म्हणून सर्व्हरवरूनही. सासूबाईंनी केळझरच्या गणपतीला बोलून ठेवलं. मी शिकलेली बाई. मी हे सगळं हाताची घडी घालून, जरा हसत बघितलं. पण त्या रात्री मैत्रेयीचं अंथरूण मी सर्व्हरपासून दूर, भिंतीच्या बाजूला केलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी मी ते केंद्रच यादीतून काढून टाकलं. त्याचा परिणाम असा झाला की पूर्वी सर्व्हर "तारीख चुकीची आहे" एवढंच सांगून नाकारायचा, आता "आपण आमच्या यादीत नाही, कृपया संपर्क साधा" असं सविस्तर सांगून नाकारू लागला. सभ्य कारकून खिडकीवर एकाच माणसाशी वाद घालत बसावा आणि मागे रांग वाढत जावी, तसं. भाव आणखी उशिरा पोचले. मग ते यादीत परत घातलं आणि इंटरनेटच्या ज्या नंबरावरून संदेश येत होता तो नंबरच अडवला. ब्रॉडबँडचा नंबर रोज बदलतो. दुसऱ्या संध्याकाळी नव्या नंबरावरून तीच हाक. मी दुकानातच बसून आहे.

भैय्याजींचं म्हणणं पडलं की हे सगळं तोंडी चाललंय म्हणून असं होतंय. "अर्ज करा. तो नंबर कोणत्या टेलिफोनवर जाते, हे लेखी विचारा. कागद पाह्यला की भूतसुद्धा सरळ होते." त्यांनी स्वतः मसुदा करून दिला. त्यात "सदरहू" सात वेळा होतं. तो घेऊन, मैत्रेयीला कडेवर घेऊन मी टेलिफोनच्या ऑफिसात गेले. खिडकीच्या आतल्या गृहस्थांनी तो मनापासून वाचला.

"ही माहिती फक्त ग्राहकाला देता येते."

"ग्राहक वारले."

"मग त्यांचा तसा अर्ज आणा."

"वारल्याचा?"

"हो. सही त्यांचीच लागेल."

मी त्या गृहस्थांचा चेहरा नीट पाहिला. ते चेष्टा करत नव्हते. घरी येताना वाटलं, प्रभाकररावांचा अर्ज तर माझ्याकडे रोजच येतोय. आपणच खिडकीच्या आत बसलोय.

शुक्रवारी दिवेलागण झाली आणि लाल ओळ आली नाही.

सासूबाई, मंदाबाई, भैय्याजी, मी, सगळे पडद्यासमोर बसलो होतो, नाटकाचा पडदा उघडायची वाट पाहत बसतात तसे. भाव सुरळीत आले. मंदाबाई म्हणाल्या, "पाह्य, मोहऱ्या लागू पडल्या." मला मात्र बरं वाटेना. रोज रडणारं मूल एका संध्याकाळी रडलं नाही की आईला बरं वाटत नाही. आठ वाजता, भाजी टाकत होते तेव्हा, आतून मैत्रेयीचा आवाज आला, "आबा!" मी झारा घेऊनच धावले. पडदा लाल झाला होता.

"आज उशीर काऊन झाला त्यायले?" सासूबाई म्हणाल्या. जसं काही पाहुण्यांचीच गाडी चुकली.

त्या एका प्रश्नाने माझं डोकं जागेवर आलं. मी रद्दीतून पेपर काढला आणि भारनियमनाचं वेळापत्रक पाहिलं. शुक्रवारी आर्वीची लाइन आठपर्यंत बंद होती.

"आई," मी म्हटलं, "हे जे कोणी आहे ना, त्याला लोडशेडिंग लागू आहे."

सासूबाईंना ही बातमी दिलासा देणारी वाटली नाही. पण मला वाटली. ज्याला विजेची वाट पाहावी लागते त्याला बटण असतं, आणि बटण असलं की ते दाबणारं कोणीतरी असतं. तारखेचं कोडं मला आधीच सुटलं होतं. कॉम्प्युटरच्या पोटात घड्याळातला असतो तसा एक चपटा सेल असतो; तो संपला की यंत्र प्रत्येक वेळी त्याच जुन्या तारखेला जागं होतं. पण कुलूप लावलेल्या दुकानात ते जागं करतं कोण?

शनिवारी मी नवा सेल आणि स्क्रू-ड्रायव्हर पर्समध्ये टाकला आणि आर्वीची बस धरली. मैत्रेयीला घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. मी तिला त्या मशीनपाशी ठेवून जाणार नव्हते, आणि सासूबाई तिला माझ्याबरोबर एकटीला पाठवणार नव्हत्या. म्हणून सासूबाईही निघाल्या. त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली, दुपटं, बिस्किटं आणि एक लिंबू. मैत्रेयीच्या गालावर काजळाचा इतका मोठा ठिपका होता की बसमधल्या एका बाईने "लागलं का बाळाले?" असं विचारलं. यजमानांनी सुट्टी काढून सर्व्हरपाशी बसायचं कबूल केलं. पडून पाहिलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं होतं. चालेल म्हटलं.

आर्वीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ताराचंदशेठ दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनी बोटाने समोर दाखवलं. प्रभाकररावांच्या शटरला कुलूप, कुलपावर धूळ, धुळीवर कोळ्याचं जाळं. "पाह्यलं? वर्षापासून कोणाचा हात नाई लागला." ते आमच्याबरोबर रस्ता ओलांडून यायला काही तयार झाले नाहीत. घर दुकानाच्या मागेच होतं, बोळातून दार.

कौशल्याबाईंनी दार उघडलं. साठीच्या, बारीक, हाताला कणीक लागलेली. मी कोण ते सांगितलं. त्यांनी आधी मैत्रेयीला कडेवर घेतलं, मग आम्हाला बसवलं, मग, आम्ही कोणाच्या तरी मरणाची बातमी आणली असं समजून, विचारलं, "कोण गेलं म्हणता?"

"कोणी नाही गेलं काकू. मी कॉम्प्युटरवाली. तुमच्या दुकानातला कॉम्प्युटर रोज संध्याकाळी कोण चालू करतं?"

"कोणीच नाई. पोरगा पुण्याले. उन्हाळ्यात आला होता, त्यानं फोनच्या वायरीले काय तो आपोआप जुडणारा इंटरनेटचा डबा लावला अन् गेला. त्यायच्या मशीनले तर त्या दिवसापासून मी हात नाई लावला. देवाशप्पथ."

आणि ही बाई खोटं बोलत नाही, हे दिसत होतं. माझं लोडशेडिंगचं सगळं तर्कशास्त्र बटण दाबणाऱ्या हातावर उभं होतं, आणि हात कोणाचाच नव्हता.

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. पांढऱ्या मिशा, टोपी. मैत्रेयीने बोट केलं.

"आबा."

ती पांढऱ्या मिशांच्या कोणालाही आबा म्हणते, असं मी स्वतःला सांगितलं. भैय्याजींच्याही मिशा पांढऱ्या आहेत आणि त्यांना ती भैय्या म्हणते, ही गोष्ट त्या वेळी आठवायला नको होती.

दिवेलागण झाली. कौशल्याबाई उठल्या, हात धुतले, देवापाशी दिवा लावला. त्यातून दुसरं निरांजन पेटवलं. "थांबा, गादीपाशी दिवा लावून येतो. दुकान बंद असलं तरी गादी अंधारात ठेवत नाई." घरातून दुकानात जायचं दार त्यांनी उघडलं. आम्ही त्यांच्या मागे गेलो. सासूबाईंनी माझा दंड धरला होता.

आत कापसाचा आणि बंद हवेचा वास. कौशल्याबाईंनी निरांजन गादीसमोर ठेवलं, त्या भिंतीपाशी गेल्या आणि मेन स्विच खटकन वर केला.

ट्यूब दोनदा फडफडून लागली. देवाच्या फोटोवरचा लाल बल्ब लागला. आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू फिरायला लागला. कार्तिकातल्या गारठ्यात, रिकाम्या गादीवर. गादीवरच्या पांढऱ्या चादरीची कडा हलली, जसं कोणी मांडी बदलून बसावं.

"बटणं जशी त्यायनं ठेवली तशीच हायेत," कौशल्याबाई म्हणाल्या. "एकाहीले मी हात नाई लावला. मी मेनच वर करतो अन् दिवा शांत झाला की मेन पाडतो; लाइन गेली असन तर येईपर्यंत वर राहू देतो."

त्याच वेळी डेस्कखालून आवाज आला. टूं. आणि मग घरघर.

सासूबाईंच्या हातून लिंबू सुटलं. ते घरंगळत डेस्कखाली गेलं आणि कशाला तरी लागून थांबलं. मी वाकून पाहिलं. झालर लावून शिवलेल्या कापडी खोळीच्या आत एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. लिंबू त्याच्यापुढे वाहिल्यासारखं बसलं होतं.

"हा आवाज?" कौशल्याबाई म्हणाल्या. "हा तर रोज येते. मले वाटे उंदीर हाय."

म्हणजे तो हात रोज कौशल्याबाईंचाच होता. फक्त तो बटणाला लागत नव्हता. खोळ काढायची परवानगी मी मागितली. त्यांनी मान हलवली. पडद्याचं बटण दाबलं. सूचनांच्या चौकटीत तीच ओळ, खाली "पोच नाही, पुन्हा पाठवत आहे". मी वाचून दाखवली. मला वाटलं त्या रडतील.

"हे तर त्यायनं त्या दिवशी लिहिलं," त्या म्हणाल्या. "मशीनचं घड्याळ मागं जाते म्हणत. तुमचा फोन लागे नाई. म्हणे लिहून टाकलं, आता कोणी तरी येईन. दिवसभर गादीवर बसून राह्यले. मी म्हटलं जेवाले चला, तर म्हणे, कोणी आलं अन् मी नसलो तर? रात्री जेवले. सकाळी उठलेच नाई." मग माझ्याकडे वळल्या. "मंग काऊन नाई आले वो तुम्ही?"

मी समजावून सांगितलं. तारीख चुकते ही तक्रार होती. पण तक्रारीवरची तारीख चुकलेली असल्यामुळे तक्रार नाकारली गेली. सांगताना माझा आवाज मला त्या ऑफिसातल्या खिडकीच्या आतून येतोय असं वाटलं. कौशल्याबाईंनी सगळं ऐकलं.

"म्हणजे ते वर्षभर हाक मारून राह्यले, अन् तुमच्या मशीनीनं ओ नाई दिली."

सासूबाई खाली मान घालून दुपट्याची घडी घालत होत्या. घडी आधीच घातलेली होती.

मी मेन पाडायला लावला. अंधारात, कौशल्याबाईंनी धरलेल्या निरांजनाच्या उजेडात, डबा उघडला, जुना सेल काढला, नवा बसवला. मेन पुन्हा वर. पंखा पुन्हा. टूं. तारीख आजची घातली आणि हात मागे घेतला. बाकीचं मशीनने आपणहून केलं. मी यजमानांना फोन लावला.

"पियुष, बघा, आला का?"

"आला," ते म्हणाले. आवाज पूर्ण जागा होता. "पांढरा. आजच्या तारखेचा."

"पोच?"

"गेली." मग थांबून, "प्रेरणा, पण हे... सूचनांमध्ये आलंय ना?"

स्वीकारलेली सूचना सर्व केंद्रांना जाते. माझाच नियम. या क्षणी आर्वी, पुलगाव, सेलू, हिंगणघाट, प्रत्येक अडत्याच्या पडद्यावर ताज्या तारखेसह उमटलं होतं: प्रभाकरराव, आर्वी. कोणी येते का? मी दुकानातच बसून आहे.

समोरच्या दुकानातून खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग रस्त्यावर पावलं. एकाची, मग पुष्कळांची. सगळी शटरपाशी येऊन थांबली. शटरच्या फटीतून आज उजेडाबरोबर आमच्या सावल्याही बाहेर पडत असणार.

"प... प्रभाकरराव?" ताराचंदशेठचा आवाज.

मी तोंड उघडणार, तर सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. "दोन होऊ दे अजून," त्या कुजबुजल्या.

"प्रभाकररावजी?"

पंखा फिरत होता. मैत्रेयी गादीच्या कडेला उभी राहून शटरकडे बघत होती.

"भाऊ... हायेत का तुम्ही?"

"या ना ताराचंदभाऊ," कौशल्याबाई मोठ्याने म्हणाल्या. "मागून या. समोर कुलूप हाय."

बाहेर जे झालं ते मी पाहिलं नाही, पण एक चप्पल दुसऱ्या दिवशीपर्यंत रस्त्यात पडून होती असं कळलं. थोड्या वेळाने मागच्या दाराने ताराचंदशेठ आले, अनवाणी, आणि त्यांच्या पाठीमागे एकमेकांना पुढे ढकलत अख्खी गल्ली. सगळे गादीच्या खाली, जमिनीवर बसले. गादीवर कोणी बसलं नाही. मी घाईघाईने सेलची हकीगत सांगितली. कोणी ऐकली नाही.

"तेरवीनंतर आज येऊन राह्यले तुम्ही लोकं," कौशल्याबाई चहा ओतत म्हणाल्या.

"रोज म्हणो वहिनी, जाव, जाव," ताराचंदशेठ कपाळ पुसत म्हणाले. "पण शटर बंद दिसे."

"शटर बंद होतं. मागचं दार काऊन बंद राहीन?"

बशा वाजत राहिल्या. मग कोणीतरी विचारलं, हिंगणघाटचा आजचा भाव काय. मी पडद्याकडे बघून सांगितला. वेळेवर आला होता.

निघताना मी विचारलं, हे मशीन आता बंद करून ठेवू का? कौशल्याबाई म्हणाल्या, "राहू द्या. मेन तर मी वर करीनच." मग त्या ओळीकडे बोट केलं. "हे मात्र पुसा. आले ना सगळे." मी ती ओळ पुसली आणि मशीन सुरू झालं की नुसती हजेरी पाठवेल एवढं करून दिलं. आत मजकूर काही नाही. मी आहे, एवढंच.

परतीच्या बसमध्ये सासूबाई मांडीवर झोपलेल्या मैत्रेयीला थोपटत होत्या. म्हणाल्या, "उद्या नागपूरले मी एकटीच जातो. रीताले भेटून मंगळवारी येतो."

"आणि डबा?"

"डब्याचं काय? पोच तर द्याच लागन ना कोणाले तरी." मग खिडकीबाहेर पाहत, "लिंबू तिथंच राह्यलं वो."

तेव्हापासून आमच्याकडे दिवेलागणीला नवाच परिपाठ पडला आहे. सासूबाई देवापाशी काडी ओढण्याआधी आतल्या खोलीकडे तोंड करून विचारतात, "आर्वीचं आलं का?" मी म्हणते, आलं. "पोच देल्ली?" दिली. मग दिवा लागतो. ताराचंदशेठ आता रोज संध्याकाळी मागच्या दाराने चहाला जातात, आणि भाव मला तिथूनच फोन करून विचारतात, मशीन समोर असताना.

परवाची गोष्ट. हजेरी आली, वेळेवर. पेपर शेजारीच पडला होता, सहज नजर गेली. आर्वीची लाइन त्या संध्याकाळी नऊपर्यंत बंद होती. मी ताराचंदशेठना फोन केला. "अंधारात चहा पिऊन राह्यलो, मॅडम," ते म्हणाले, "वहिनीनं मेन वर केला, पण लाइनच नाई." त्या दुकानात इन्व्हर्टर नाही. मी स्वतः पाहिलं आहे.

पडद्यावर ती ओळ पोचेची वाट पाहत थांबली होती. स्वीकारायची की नाही हे सर्व्हर स्वतःच ठरवतो. त्या दिवशी तो का थांबला होता ते मला ठाऊक नाही. मैत्रेयी कोपऱ्यात हात हलवत होती. ये, ये. मी तिला उचलून घट्ट धरलं.

"आलं का आर्वीचं?" सासूबाईंनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्या हातातली काडीपेटी तशीच धरून आत आल्या, पडद्याकडे बघितलं, मग नातीकडे.

"मग देऊन टाक ना पोच," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाले तीन-तीन हाका काऊन माराले लावतं?"